मोजलेला अंधार

१९४० साल सरत आले असताना ऑक्सफर्डमधले एक प्राध्यापक आपल्याच कादंबरीत एका थडग्यापाशी अडले. जे. आर. आर. टोल्कीन त्यांचे नाव. शिकवायचे ते अँग्लो-सॅक्सन, म्हणजे हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी. युद्ध चालू होते, कागदाची टंचाई होती. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर ते कच्चा खर्डा लिहीत होते. त्या खर्ड्यात काही प्रवासी एका डोंगराच्या पोटात शिरले होते आणि अंधारात चालून चालून एका दालनात पोचले होते. दालनात वरच्या झरोक्यातून उजेडाचा एक झोत येत होता आणि तो बरोबर एका थडग्यावर पडत होता. लेखणी तिथे थांबली. पुन्हा हातात घ्यायला जवळजवळ वर्ष गेले. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टोल्कीन यांनी ही हकिकत स्वतः सांगितली आहे.

थडगे बालिन नावाच्या बुटक्याचे होते आणि त्या जागेचे नाव मोरिया.

काल्पनिक जगांतल्या धोकादायक, पुरातन गुहांची आता गणती राहिलेली नाही. कादंबऱ्यांनी, पटावरच्या आणि पडद्यावरच्या खेळांनी गेल्या पन्नास वर्षांत अशा किती गुहा खोदल्या असतील कोण जाणे. त्यातल्या बहुतेक वाचून किंवा खेळून झाल्या की विरून जातात. मोरिया मात्र वाचकाच्या मनात राहते. माझ्या मते याचे कारण असे, की ती मोजलेली गुहा आहे. किती लांब, किती खोल, कोणी कोरली, कधी ओस पडली, हवा कुठून येते, पाणी कुठे तुंबते, बाहेर पडायला वाटा किती, या सगळ्याचा हिशेब लेखकाने आधी मांडला आणि मग दिवा मालवला. तिथली भीती त्या हिशेबातून येते.

हिशेब पाहायचा तर सुरुवात डोंगरापासून करायला हवी. टोल्कीनच्या ‘मध्य-पृथ्वी’ नावाच्या जगात उत्तर-दक्षिण धावणारी एक पर्वतरांग आहे आणि तिच्यातल्या तीन शिखरांखाली मोरिया आहे. बुटक्यांच्या भाषेत तिचे नाव खझद-दूम. या शिखरांना खरा आधार आहे. १९११ साली, एकोणिसाव्या वर्षी, टोल्कीन स्वित्झर्लंडमध्ये पायी हिंडले होते. निळ्याशार आभाळावर उठलेले सिल्बरहॉर्नचे टोक त्यांच्या मनात घर करून राहिले. त्या तिघांतले केलेब्दिल हे शिखर म्हणजे तेच, असे त्यांनी कितीतरी वर्षांनी मुलाला पत्रात लिहिले. म्हणजे डोंगराचा माथा डोळ्यांनी पाहिलेला आहे. त्याच्या खालचा अंधार तेवढा कल्पनेतला.

या अंधारात राहणारे बुटके हे खोदणाऱ्यांचे आणि घडवणाऱ्यांचे कुळ. त्यांचा मूळपुरुष ड्यूरिन तिथल्या एका तळ्याकाठी आला आणि त्याने डोंगरात घर केले. पुढच्या पिढ्यांनी त्या घराचे शहर केले. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्या मराठी वाचकाला हे शहर डोळ्यांपुढे आणणे इतरांपेक्षा सोपे जावे. तिथल्या खांबांकडे पाहताना क्षणभर थांबून स्वतःला आठवण द्यावी लागते की हे खांब कोणी आणून उभे केलेले नाहीत, सभोवारचा डोंगर काढून टाकल्यावर ते शिल्लक राहिले आहेत. मोरियातली दालने अशीच आहेत, फक्त ती एकावर एक रचलेल्या मजल्यांत पसरलेली आहेत. मधून जिने, उतार, पाण्याचे पाट आणि डोंगराच्या अंगातून कोरून काढलेले उजेडाचे झरोके. पश्चिमेच्या दारापासून पूर्वेच्या दारापर्यंतचे अंतर सरळ रेषेतही चाळीस मैलांहून कमी नाही.

हे शहर श्रीमंत झाले ते मिथ्रिल या धातूमुळे. चांदीसारखा चकाकणारा, पण न काळवंडणारा. हलका, आणि पोलादाहून कठीण. तो सापडायचा एकाच ठिकाणी. त्याची शीर उत्तरेकडे आणि खाली, अंधारात उतरत जात होती. बुटके शिरेच्या मागोमाग गेले. तिसऱ्या युगाच्या १९८० साली त्या शिरेच्या टोकाला त्यांना बालरॉग भेटला. आग आणि सावली यांचा मिळून बनलेला, पहिल्या युगातल्या महायुद्धातून निसटून डोंगराच्या मुळाशी दडून बसलेला हा जीव. त्याच वर्षी त्यांचा राजा सहावा ड्यूरिन मारला गेला, पुढच्या वर्षी त्याचा मुलगा नाइन. उरलेले लोक शहर सोडून गेले.

हा बालरॉग बाहेरून चालून आलेला शत्रू नाही. शहराला ज्या कामाने वैभव आणले, तेच काम त्याच्यापर्यंत पोचले. खाण जितकी फळली तितकी ती खोल गेली. खाणकामाच्या इतिहासात ही गोष्ट राक्षसाविनाही पुन्हा पुन्हा घडलेली आहे. खोल खाणीत पाणी फुटते, वायू साठतो, छत बसते. टोल्कीनने खाणीचा हा नियम तसाच घेतला आणि त्याला एक चेहरा दिला.

शहर ओस पडल्यावरची वर्षेही लिहून ठेवलेली आहेत. पाचशे वर्षांनी ऑर्क नावाचे दुष्ट जीव तिथे वस्तीला आले. पुढे बुटक्यांचा परागंदा राजा थ्रोर पूर्वेच्या दाराने एकटाच आत गेला आणि मारला गेला. त्यावरून पेटलेले युद्ध सहा वर्षे चालले आणि २७९९ साली त्या दारासमोरच्या खोऱ्यात संपले. बुटके जिंकले. पण दारात डोकावून आलेल्या त्यांच्या शूर योद्ध्याने, दाइनने, सांगितले की आत जे आहे ते अजून आहे, चला परत. २९८९ मध्ये बालिन काही सोबती घेऊन निघाला, पूर्वजांचे घर पुन्हा वसवायला. आणि ३०१९ च्या जानेवारीत, डोंगरावरची खिंड बर्फाने बंद झाल्यामुळे, गँडाल्फ नावाचा जादूगार आठ जणांना घेऊन पश्चिमेच्या दारापाशी येतो. त्या आठांत गिमली हा बुटका आहे. बालिन त्याच्या नात्यातला. त्याला आशा आहे की आत आपली माणसे भेटतील.

२००१ सालच्या पीटर जॅक्सन यांच्या चित्रपटाबद्दल इथे बोलायला हवे, कारण आज अनेकांच्या डोळ्यांपुढे मोरिया येते ती त्याच चित्रपटातली. प्रचंड खांबांचे दालन त्यांनी असे उभे केले आहे की श्वास अडखळतो. पण दारातून पाऊल आत पडताच चित्रपटात सांगाडे दिसतात, बाण दिसतात, आणि काय झाले ते पहिल्याच मिनिटाला कळते. पुस्तकात असे काही दिसत नाही. दिसतात ते जिने, खाली पडलेली विवरे, कोरडी धूळ. माणसांचा माग नाही, आवाज नाही. गिमलीची आशा चाळीस मैल टिकते, आणि वाचकाचीही. मला पुस्तकातली रचना जास्त क्रूर वाटते आणि म्हणूनच जास्त खरी वाटते.

हे चाळीस मैल टोल्कीन वाचकाला चालायला लावतात. १३ जानेवारीच्या संध्याकाळी ते आत शिरतात आणि दार पाठीमागे कायमचे बंद होते. बाहेरच्या तुंबलेल्या तळ्यातला, लांब हातांचा एक अनामिक प्राणी दाराशेजारची झाडे उपटून ते बुजवून टाकतो. आता परतीची वाट नाही. गँडाल्फच्या काठीच्या टोकाच्या मंद उजेडात दोनशे पायऱ्या, मग कमानी, फाटे, भेगा. एक भेग सात फूट रुंद आहे आणि तळाशी पाणी घुसळल्याचा आवाज येतो. ती उडी मारून ओलांडावी लागते. त्या आठांतल्या पिपिनला धीर करायला वेळ लागतो. मध्यरात्रीच्या सुमारास तीन वाटांचा फाटा येतो. गँडाल्फ पूर्वी इथून गेलेला आहे, पण उलट दिशेने, आणि त्यामुळे हा फाटा त्याला ओळखू येत नाही. जादूगार असूनही तो जादू करत नाही. रात्रभर विचार करतो. डावीकडच्या, खाली उतरणाऱ्या वाटेतली हवा कुबट आहे, मधली सपाट पण अरुंद आहे; तो उजवी, चढणारी वाट धरतो. कोळशाच्या खाणीतला कुठलाही जुना कामगार असाच निर्णय घेईल. नाकावर भरवसा ठेवायचा आणि चढाची वाट धरायची.

त्या फाट्याजवळच्या पहारेकऱ्यांच्या खोलीत एक विहीर आहे. झाकण तुटलेले, कडेला गंजलेल्या साखळ्या. पिपिन आत एक खडा टाकतो. बराच वेळ काही नाही, मग खूप खालून पाण्याचा आवाज. गँडाल्फ त्याला झापतो. थोड्या वेळाने, तितक्याच खालून, ठोके ऐकू येतात. थांबून थांबून, हातोड्याने द्यावेत तसे. मग तेही बंद होतात. मोरियातला सगळ्यांत भीतिदायक क्षण मला विचाराल तर हा. बालरॉग पुढे येतो तेव्हा तो भव्य आहे, पण तोवर आपली तयारी झालेली असते. या ठोक्यांना तयारी नसते. एका खड्याने विहिरीची खोली मोजली गेली आणि त्या मोजण्याला उत्तर आले.

मग ते दालन आणि ते थडगे. थडग्याशेजारी एक फाटके, रक्ताने डागाळलेले पुस्तक सापडते. त्यात बालिनच्या वसाहतीची पाच वर्षांची नोंद आहे आणि गँडाल्फ ती वाचून दाखवतो. टोल्कीन यांनी हे पुस्तक केवळ वर्णनावर सोडले नाही. त्याची तीन पाने त्यांनी स्वतः बनवली होती. कागदावर त्या काल्पनिक जगाच्या लिप्यांत मजकूर लिहिला, कडा जाळल्या, रक्तासारखे डाग पाडले, शिलाई उसवल्यासारखी भोके पाडली. ही पाने कादंबरीत छापावीत अशी त्यांची फार इच्छा होती. रंगीत छपाईचा खर्च प्रकाशकाला झेपणारा नव्हता आणि २९ जुलै १९५४ रोजी पहिला खंड निघाला तो त्या पानांशिवाय. ती छापली गेली लेखकाच्या मृत्यूनंतरच.

त्या पानांतला मजकूर नीट वाचला की मोरियाच्या रचनेतली खरी कारागिरी लक्षात येते. बालिन बाहेरच्या तळ्याकाठी बाणाने मारला गेला. ऑर्क पूर्वेकडून आले. त्यांनी पूल आणि त्यापुढचे दालन घेतले, म्हणजे पूर्वेचे दार गेले. काही जण पश्चिमेकडे निसटायला निघाले, पण तिथे ओढा तुंबून पाणी दारापर्यंत चढले होते आणि पाण्यातल्या प्राण्याने ओइन या सोबत्याला नेले. म्हणजे पश्चिमेचे दारही गेले. मग उरलेले लोक या दालनात आले आणि इथेच संपले. नोंदीच्या शेवटी अक्षर घाईचे होत जाते आणि शेवटचा शब्द ओढत जाऊन तुटतो. हे ऐकता ऐकता वाचकाच्या ध्यानात येते की पंचवीस वर्षांपूर्वीच्या मेलेल्या माणसांनी आपल्याच नऊ जणांच्या आजच्या अवस्थेचा नकाशा काढून ठेवला आहे. पश्चिमेचे दार त्याच प्राण्याने बंद केले. पूर्वेला जायला तोच पूल. आणि उभे आहोत तेही त्याच दालनात. गँडाल्फ पुस्तक मिटतो आणि खालून ढोल वाजू लागतात.

तो पूल म्हणजे दगडाची एक अरुंद कमान. पन्नास फूट लांब, कठडा नाही, खाली तळ नाही. बुटक्यांनी तो मुद्दाम तसा बांधला होता, शत्रू आत आलाच तर त्याला एकेकट्याने ओळीत यावे लागावे म्हणून. हजार वर्षांनी ती तटबंदी पहिल्यांदा उपयोगाला येते, ती बुटक्यांच्या नव्हे तर एका म्हाताऱ्या पाहुण्याच्या. पुढे काय होते ते बहुतेकांना ठाऊक आहे आणि ज्यांना नाही त्यांनी ते पुस्तकातच वाचावे.

आपण नकाशापासून सुरुवात केली आणि गोष्ट नकाशात बसवली, असे टोल्कीन यांनी एका पत्रात लिहिले आहे. अंतरे, तारखा, चंद्राच्या कला जुळवण्यात त्यांचे कित्येक दिवस गेले. काहींना हा छांदिष्टपणा वाटतो. मला ती वाचकाशी राखलेली इमानदारी वाटते. अंधारात वाचकाला काहीच दिसत नसते. तिथे तो लेखकाच्या मापांवर पाऊल टाकत असतो.

मोरियाची पहिली मोठी नक्कल पटावर झाली. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत १९७० च्या सुमारास काही तरुण जुन्या लढाया छोट्या सैनिकांच्या बाहुल्यांनी खेळत. मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसनने त्यांना ब्लॅकमूर नावाच्या गढीच्या तळघरांत उतरवले, आणि विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्सने त्या खेळाचे नियम लिहून काढले. जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला, एक हजार प्रतींचा. चौकटीच्या कागदावर आखलेले मजले, दर मजल्याला वाढत जाणारा धोका, खोल्यांतली संपत्ती आणि तिचे राखणदार, ही आज जगभरच्या खेळांत दिसणारी मांडणी तिथून सुरू झाली. पहिल्या आवृत्तीत बालरॉग नावानिशी होता. टोल्कीनच्या हक्कधारकांनी हरकत घेतल्यावर तो काढून टाकला. आपल्यावर टोल्कीनचा प्रभाव फारसा नाही असे गायगॅक्स शेवटपर्यंत सांगत राहिले. त्यांच्या आवडीचे लेखक दुसरे होते हे खरेच आहे. पण मजल्यांच्या त्या तळघरांत मोरियाची हवा नाही, असे मला तरी म्हणता येत नाही.

या परंपरेतली सगळ्यांत कुप्रसिद्ध गुहा गायगॅक्सचीच. १९७५ मध्ये बाल्टिमोरला भरलेल्या एका खेळमेळाव्यासाठी त्यांनी ‘टूम ऑफ हॉरर्स’ रचली, आणि १९७८ मध्ये ती पुस्तिका म्हणून छापली गेली. कवटीच्या आकाराची टेकडी, आत एका मेलेल्या मांत्रिकाचे थडगे. तिथे राक्षस फार थोडे आहेत, सापळे मात्र पावलोपावली. सुरुवातीलाच भिंतीवर हिरव्या सैतानाचा आ वासलेला चेहरा आहे. तोंडाच्या आत नुसता काळोख दिसतो. त्यात हात घालणाऱ्याचा हात नाहीसा होतो, आत शिरणारा पुरताच नाहीसा होतो. कसलेल्या खेळाडूंचा माज उतरवण्यासाठी ती बनवली होती आणि त्या कामात ती चोख आहे. पण तिच्यात कोणी राहिलेले नाही. कोणाचा स्वयंपाक तिथे झाला नाही, कोणी जिना झिजवला नाही. म्हणून तिथे मरणाऱ्या खेळाडूला चुटपूट लागते, पण त्या जागेबद्दल दुःख होत नाही. पुढे आलेल्या हजारो खेळांनी मोरियाचे मजले घेतले, राक्षस घेतले, आणि बालिनची वही तिथेच ठेवली.

अपवाद एका खेळाचा. त्याचा पत्ता केंटकी राज्यातला आहे आणि तो खरा आहे.

केंटकीच्या चुनखडीच्या टेकड्यांखाली मॅमथ केव्ह पसरली आहे. आजवर मोजलेल्या तिच्या वाटांची लांबी ६८० किलोमीटरच्या वर जाते. जगात याहून लांब गुहा माहीत नाही. तिच्या इतिहासात राक्षस नाहीत, पण मोरिया आठवावी असे बरेच आहे. १८३८ मध्ये स्टीफन बिशप या गुलाम वाटाड्याने, तोवर कोणी पार न केलेले ‘बॉटमलेस पिट’ हे विवर शिडी टाकून ओलांडले आणि पलीकडचे जग उघडले. १८४२ मध्ये त्याने आठवणीतून गुहेचा नकाशा काढला. तो पुढे कित्येक दशके वापरात होता. जानेवारी १९२५ मध्ये जवळच्याच सँड केव्हमध्ये फ्लॉइड कॉलिन्स एका अरुंद बोळात अडकला. त्याचा पाय धरून ठेवला तो बारा-तेरा किलोंच्या एका दगडाने. आधी त्याच्यापर्यंत भाकरी आणि दिवा पोचवता येत होता, मग बोळ ढासळला. दोन आठवड्यांहून अधिक काळ वर हजारो लोक जमले होते. बचाव करणारे दुसरीकडून उभा खड्डा खणून पोचले तेव्हा तो मेलेला होता.

या भागातल्या फ्लिंट रिज आणि मॅमथ केव्ह या दोन गुहा आतून जोडलेल्या असाव्यात असा भूगर्भातल्या वाटाड्यांचा जुना कयास होता. गुहा मोजणे हे चिकाटीचे काम. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत फीत ताणायची, होकायंत्राने दिशा घ्यायची, चढ-उताराचा कोन घ्यायचा, वहीत लिहायचे आणि पुढे सरकायचे. बहुधा पोटावर, चिखलात. १९७२ च्या उन्हाळ्यात अशाच एका मोहिमेत पॅट्रिशिया क्राउदर ही सडपातळ बांध्याची संगणकतज्ज्ञ, बाकीच्यांना न जमलेल्या एका फटीतून पलीकडे गेली. त्या वाटेवर पुढे भिंतीवर एक जुने नाव कोरलेले सापडले, ‘पीट एच’, आणि शेजारी बाण. पीट हॅन्सन हा मॅमथ केव्हचा वाटाड्या होता. म्हणजे पलीकडून कोणीतरी इथवर आलेले होते. ९ सप्टेंबरला सहा जणांची तुकडी त्या बाणाच्या दिशेने गेली, छातीभर पाण्यातून पुढे सरकली, आणि दिव्याच्या उजेडात तुकडीच्या प्रमुखाला समोर प्रवाशांसाठी बसवलेला लोखंडी कठडा दिसला. दोन गुहा एक झाल्या.

पॅट्रिशियाचे पती विल क्राउदर हेही गुहांत उतरणारे. पोटापाण्यासाठी ते केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या एका कंपनीत संगणकाचे काम करत. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटच्या पहिल्या यंत्रांच्या आज्ञावलीचा भाग ज्या मोजक्या लोकांनी लिहिला त्यांपैकी ते एक. गुहेतून आणलेली मापे दोघे नवरा-बायको घरी टेलिटाइपवर भरत आणि संगणकाकडून नकाशे काढून घेत. पुढे त्यांचा घटस्फोट झाला. विल गुहांत जायचे थांबले, मुली दूर गेल्या. फावल्या वेळात ते मित्रांबरोबर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळत. १९७५-७६ च्या सुमारास त्यांनी फोरट्रान भाषेत एक आज्ञावली लिहिली, मुली भेटायला येतील तेव्हा त्यांना खेळता यावी म्हणून. चित्रे नाहीत, नुसते शब्द. तुम्ही कुठे उभे आहात ते यंत्र सांगणार, तुम्ही एक-दोन शब्दांत काय करायचे ते लिहिणार. ‘ॲडव्हेंचर’ हे त्या खेळाचे नाव, आणि जागा होती मॅमथ केव्हच्या वाटांमधलाच, बेडक्विल्ट नावाने ओळखला जाणारा भाग.

खेळात कुऱ्हाड फेकणारे बुटके आहेत, खजिना आहे, मंत्राने एका जागेहून दुसऱ्या जागी जाता येते. पण तोंडावरची पोलादी जाळी, वाकून जायचे बोळ, दिवा विझला तर खड्ड्यात पडण्याची भीती, हे सगळे जसेच्या तसे खऱ्या गुहेतले आहे. दिव्यावाचून गुहेत एक पाऊलही धड टाकता येत नाही हे प्रत्येक गुहाचर जाणतो. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्स यांनी हा खेळ हाती लागल्यावर तो वाढवला, त्यात टोल्कीनच्या वळणाच्या गोष्टी आणखी घातल्या, आणि विद्यापीठांच्या जाळ्यावरून तो देशभर पसरला. वुड्स यांची आवृत्ती देखणी आहे. तरी मला ओढ आहे ती क्राउदर यांच्या मूळ, रोडक्या गुहेची. बायकोबरोबर फितीने मोजलेली, आता पाय ठेवता न येणारी जागा एक माणूस आपल्या मुलींसाठी शब्दांत पुन्हा बांधतो आहे. बालिनच्या वहीचा वंश कुठे पुढे चालू राहिला असेल तर तो इथे.

ती मूळ आज्ञावली हरवली असे बरीच वर्षे धरून चालले जात होते. अमेरिकी अभ्यासक डेनिस जर्झ यांनी तिचा माग काढला, वुड्स यांच्या जुन्या खात्याच्या जपून ठेवलेल्या प्रतीत ती सापडली, आणि २००७ मध्ये त्यांनी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी ते जाणकार गुहाचरांबरोबर प्रत्यक्ष त्या वाटांवर फिरून आले होते. जादूच्या वस्तू वगळल्या तर खेळातली वर्णने भिंती-बोळांशी जुळत होती.

ही जुळणी खेळाडूंनी त्याआधीच पारखली होती. बेडक्विल्टमध्ये मोजणीला गेलेल्या एका गटप्रमुखाने लिहून ठेवलेली आठवण आहे. गटातल्या एका मुलीला खेळ तोंडपाठ होता आणि आपण त्याच गुहेत चाललो आहोत हे तिला आयत्या वेळी कळले. वाटभर ती पुढच्या वळणावर काय येणार ते सांगत राहिली. एका दालनातून ती, प्रमुख स्वतः कधी न गेलेल्या दिशेने, सरपटत नाहीशी झाली आणि परत येऊन म्हणाली की खेळातली अमुक जागा पाहायचीच होती. होती तशीच निघाली. काम संपल्यावर बाहेर पडताना प्रमुखाने तिलाच पुढे चालायला सांगितले. एकाही फाट्यावर न चुकता तिने सगळ्यांना तोंडापर्यंत आणले.